लोणावळ्यात, पाठीला पाठ लावून

मैत्रिणींनो, लोणावळा म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? चिक्की, पाऊस, भुशी धरणावरची गर्दी आणि लग्नानंतरचे ते चार दिवस! आम्हीही तेव्हा तिथंच गेलो होतो. यंदा सव्वीस वर्षांनी पुन्हा गेलो, पण या खेपेला बॅगेत सतरंजी आणि गुडघ्याचं तेल होतं.

खरं सांगू? मुलगी सासरी गेली, मुलगा नोकरीला परगावी. घरात दोघंच उरलो आणि बोलणं उरलं ते गॅसच्या सिलिंडरचं नि लाइटबिलाचं. रात्री ते त्या कुशीवर, मी या कुशीवर. भांडण म्हणाल तर नव्हतं हो. पण भांडायलासुद्धा जवळ यावं लागतं ना!

आमच्या योगवर्गाच्या बाईंनी नवराबायकोनं मिळून करायची आसनं दाखवली होती. घरी विषय काढला, तर हे म्हणाले, "अगं, या वयात? शेजारीपाजारी हसतील." मग मी म्हटलं, "चला तर, जिथं शेजारी नाहीत तिथं जाऊ!"

लोणावळ्याला योगाचं नातं जुनं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथं कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रियांची शास्त्रीय उपकरणांनी तपासणी सुरू केली. जुन्या ग्रंथांतली आसनं मात्र एकेकट्यानं करायची. जोडीनं करण्याची तऱ्हा अलीकडची.

दुसऱ्या दिवशी कार्ल्याला गेलो. पायऱ्या चढून एकवीरा आईची ओटी भरली. देवळाला लागूनच ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं चैत्यलेणं. छताच्या लाकडी कमानी बघून हे थक्क झाले. मी मात्र दाराशीच थबकले. भिंतीवर दगडात कोरलेली जोडपी उभी आहेत, अंगाला अंग लावून, अगदी निःसंकोच! प्रार्थनेच्या जागी, सगळ्यांच्या देखत. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे काही बोलले नाहीत. पण पायऱ्या उतरताना त्यांनी माझा हात धरला, तो खाली येईपर्यंत सोडला नाही.

त्या संध्याकाळी लॉजच्या खोलीत सतरंजी अंथरली. तुम्हीही करून बघा, फार सोपं आहे. पाठीला पाठ टेकून मांडी घालून बसायचं. गुडघे कुरकुरत असतील, तर पाठ नसलेल्या दोन स्टुलांवर बसावं. डोळे मिटायचे आणि बोलायचं नाही. पाच मिनिटं फक्त दुसऱ्याचा श्वास आपल्या पाठीला कळू द्यायचा. मग समोरासमोर बसून पाय पसरायचे, तळव्याला तळवा लावायचा आणि मनगटं धरायची. एकानं श्वास सोडत पुढं वाकायचं, दुसऱ्यानं हलकेच मागं रेलायचं. मग उलट. ओढाताण मुळीच नको. ताण वाटला की "पुरे" म्हणायचं आणि दुसऱ्यानं लगेच थांबायचं. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. कंबरदुखी, ब्लडप्रेशर असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

पहिल्यांदा आम्हांला हसूच आवरेना. मग हळूहळू हसू थांबलं. ह्यांची पाठ किती ऊबदार आहे, हे मी विसरलेच होते! बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "तुझा श्वास असा अडखळतो का गं? दमतेस का फार?" सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. डोळे भरून आले. पाठ ह्यांच्याकडे होती म्हणून बरं! त्या रात्री कुशी बदलल्या. पुढचं काही सांगत नाही. तुम्ही जाणत्या आहात.

आता घरीही रात्री भांडी आवरली की सतरंजी पडते. दार लावून घेतो, फोन बाहेर ठेवतो. कधी दहा मिनिटं, कधी पाचच. तुम्हांला लोणावळ्याला जायला जमलंच पाहिजे असं नाही. सतरंजी तर घरात असेलच! मात्र ह्यांना आधी विचारा, आणि "नको" म्हणाले तर चिडू नका. चार दिवसांनी पुन्हा विचारा.