मागच्या रांगेतला सूर

वरातीत सगळे ट्रम्पेटवाल्याकडे बघतात. माझे बाबा मागच्या रांगेत युफोनियम वाजवायचे. शाळेत असताना मला त्याची लाज वाटायची. एवढं अवजड वाद्य छातीशी धरून चालायचं आणि आवाज कुणाच्या लक्षातही येत नाही!

कारण पुढे कळलं. युफोनियमची गुंडाळलेली नळी सरळ केली तर सुमारे ९ फूट भरते, ट्रॉम्बोनएवढीच. पण ट्रॉम्बोनची नळी बरीचशी एकसारख्या जाडीची, म्हणून त्याचा आवाज धारदार. युफोनियमची नळी कर्ण्यापर्यंत रुंद होत जाते, म्हणून आवाज गोल, मऊ, माणसाच्या गळ्याजवळचा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'गोड आवाजाचा'. तो गर्दीला चिरत नाही, बाकीच्यांना भरून काढतो.

गेल्या वर्षी बाबांचे पुढचे दात पडले. माउथपीसवर ओठ बसेनात. वाजवणं सुटलं.

परवा त्यांच्याच बँडची वरात आमच्या गल्लीतून गेली. तीच गाणी, तोच ट्रम्पेट, पण सगळं पोकळ वाटत होतं. बाबा दारात उभे होते.

"मधला सूर भरायला कुणी नाही," ते म्हणाले.

उजव्या हाताची तीन बोटं मात्र चालूच होती.