पेटीतला इलेक्ट्रॉन

चि. मुक्ता,


क्वांटम मेकॅनिक्सच्या पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं वाचताना सगळं पटतं आणि कोरा कागद पुढ्यात घेतला की पहिली ओळही सुचत नाही, असं तू लिहिलंस. यात तुझ्या बुद्धीचा काही दोष नाही. चेंडूचं किंवा गाडीचं गणित करताना उत्तर साधारण किती यावं, हे डोळ्यांना आधीच ठाऊक असतं. इलेक्ट्रॉनशी तशी ओळख कुणाचीच नसते. ती उदाहरणं सोडवूनच करून घ्यावी लागते. म्हणून उत्तराचं पान झाकून ठेव, आधी अंदाज लिही, मग सोडव, आणि शेवटी पुस्तकाशी ताडून बघ.

पहिलंच उदाहरण घे. दोन अभेद्य भिंती, मध्ये इलेक्ट्रॉन. पुस्तकं ते पानदीड पानात उरकतात. तू त्यावर खुशाल आठवडा घालव. भिंतींपाशी वेव्ह फंक्शन शून्य, एवढीच अट. ती स्वतःच्या हातानं लिहिलीस की दिसेल, भिंतींच्या मध्ये साइनच्या अर्ध्या लाटा पूर्ण संख्येतच बसतात : एक, दोन, तीन. श्रोडिंजरनं १९२६ मध्ये मांडलेल्या समीकरणात ऊर्जा टप्प्याटप्प्यानंच यावी असं कुठेही लिहिलेलं नाही. टप्पे आले ते दोन्ही टोकं बांधल्यामुळे. एक भिंत काढून पुन्हा सोडव, टप्पे नाहीसे होतील. आणि शून्य अर्ध्या लाटा का चालत नाहीत? कारण मग वेव्ह फंक्शन सगळीकडेच शून्य, म्हणजे पेटीत इलेक्ट्रॉनच नाही. तो आत असेल तर स्वस्थ बसूच शकत नाही.

सतारीच्या तारेवरही अर्ध्या लाटा अशाच बसतात. पण तिथे कंपनसंख्या १, २, ३ अशी चढते आणि इथे ऊर्जा १, ४, ९ अशी. का, ते पुढे वाचण्याआधी स्वतः शोध. डी ब्रॉयच्या १९२४ च्या सूत्राप्रमाणे तरंगलांबी निम्मी झाली की संवेग दुप्पट होतो, आणि ऊर्जा संवेगाच्या वर्गानं वाढते.

आता आकडे घाल. त्याशिवाय उदाहरण सोडायचं नाही. पेटी १ नॅनोमीटरची असेल तर सर्वांत खालची पातळी ०.३८ इलेक्ट्रॉनव्होल्ट, दुसरी १.५०. खालून वर उडी मारायला लागणारा प्रकाश सुमारे ११०० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त. पेटी निम्मी कर, सगळ्या ऊर्जा चौपट होतात. क्वांटम डॉटमध्ये पदार्थ तोच ठेवून कण लहान केला की रंग तांबड्याकडून निळ्याकडे सरकतो, तो याच कारणानं. क्वांटम डॉटवरच्या कामासाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिथलं खरं गणित बरंच गुंतागुंतीचं आहे, पण रंग कुठल्या दिशेनं सरकेल हे तुझी ही साधी पेटीही सांगते. मला हे दर वेळी विलक्षण वाटतं.

अजून एक काम, याच पेटीत. तिचे तीन सारखे भाग कर आणि इलेक्ट्रॉन मधल्या भागात सापडण्याची शक्यता काढ. अंदाज म्हणून बहुतेक जण एक तृतीयांश म्हणतात. पहिल्या पातळीत ती निघते ०.६१, दुसरीत जेमतेम ०.२०, आणि तिसरीत बरोबर एक तृतीयांश. दुसऱ्या पातळीपाशी जरा थांब. तिथे स्थानाची सरासरी पेटीच्या ऐन मध्यावर येते, आणि नेमकी त्याच बिंदूवर संभाव्यतेची घनता शून्य असते! सरासरी म्हणजे कण जिथे असतो ती जागा, ही समजूत इथे मोडते. व्याख्यानं ऐकून ती मोडत नाही. इंटिग्रल स्वतः सोडवल्यावरच मोडते.

परीक्षेला यातलं फारसं येणार नाही, हे मला माहीत आहे. तरीही कर.

पुढचं उदाहरण त्याच रुंदीच्या पेटीचं, फक्त भिंती ठरावीक उंचीच्या. वेव्ह फंक्शन आता भिंतीत थोडं शिरतं. सर्वांत खालची ऊर्जा आधीपेक्षा वाढेल की घटेल? कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी उत्तर आणि त्यामागचं कारण एका ओळीत लिहून मला पाठव.

तुझा,
मामा