मिस्सेला सवलत

बँकेतल्या माणसाला देव आठवतो तो मार्चअखेरीस. 2020 च्या मार्चात मात्र साऱ्या जगालाच देव आठवला, आणि नेमकं तेव्हाच देवाचं काउंटर बंद!

आमच्या शहाद्याच्या शाखेत वसईचा एक कॅथलिक कारकून होता. टाळेबंदी लागली आणि गडी इथंच अडकला. बँक अत्यावश्यक सेवेत, म्हणून कामावर येणं सक्तीचं आणि घरी जाणं बंद. आई वसईला एकटी. चर्चला कुलूप, मिस्सा मोबाइलवर. दर रविवारी सकाळी हा फोन तांब्याला टेकवून बसायचा. तिकडे त्याच वेळी आई टीव्हीसमोर. मिस्सेत कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे. खोलीत एकट्याची ही उठबस बघून घरमालकीणबाईंना वाटलं, पोरगा व्यायामाला लागला!

आम्ही पडलो कॉमर्सवाले. धर्मातलं कळतं तेही हिशेबाच्या भाषेत. "रविवारची मिस्सा चुकवणं पाप ना रे?" मी विचारलं.

"बिशपांनी सूट दिलीय."

म्हणजे मोरेटोरियम! योगायोग बघा, 27 मार्चला सकाळी रिझर्व्ह बँकेनं कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत जाहीर केली आणि त्याच संध्याकाळी पोप फ्रान्सिस रोमच्या रिकाम्या सेंट पीटर्स चौकात, पावसात, जगासाठी प्रार्थना करत होते. फरक इतकाच, की आमच्या सवलतीत व्याज चालूच होतं.

कम्युनियनची पंचाईत निराळी. मोबाइलमधून प्रसाद हातात कसा पडणार? म्हणून तो मनोमन स्वीकारायची प्रार्थना होती. पासबुकात शिल्लक दिसते, पण काढता येत नाही, तसं काहीसं. कन्फेशन तर फोनवर मुळीच चालत नाही. तिथं आमच्या पूर्वीच्या केवायसीसारखं खातेदारानं जातीनं हजर राहायला हवं.

इटलीत एका फादरांनी भाविकांचे फोटो मागवून रिकाम्या बाकांवर चिकटवले. दुसऱ्या एकांनी मिस्सा फेसबुकवर दाखवताना कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि भर प्रार्थनेत त्यांच्या डोक्यावर टोप्या नि डोळ्यांवर गॉगल उमटू लागले. आम्ही खूप हसलो. पण 30 जूनला ज्ञानोबांच्या पादुका एस.टी.त बसून पंढरपूरला निघाल्या, तेव्हा आमच्याच्यानं हसवेना.

त्याआधी, मे महिन्यात, त्याची मावशी गेली. (म्हातारपणानं. त्या दिवसांत हे आवर्जून सांगावं लागे.) बाई अशी, की गावातलं एकही मर्तिक तिनं चुकवलं नव्हतं. आणि तिच्या स्वतःच्या मर्तिकाला सरकारी हुकमानं माणसं फक्त वीस! वीसांची यादी करताना नातेवाइकांत काय झालं असेल, ते लग्नाची निमंत्रणं वाटलेल्या कुणालाही कळेल.

आमच्या शाखेत रेंज येते ती माळ्यावरच्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीत. तिथं तो फोन धरून उभा. मागे मी, शिपाई आणि मॅनेजरसाहेब, तोंडाला फडकी बांधून, हातभर अंतरानं. फादर पवित्र पाणी शिंपडायला पुढे झाले आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजलं. हात वर, पाणी हवेत. शिपायानं चपला केव्हा काढून ठेवल्या, कळलंही नाही. बराच वेळ झाला, तरी हा आपला फोन तसाच धरून उभा. मग साहेब एक अक्षर न बोलता खाली उतरले आणि स्वतः त्याच्या काउंटरवर बसले. संध्याकाळी कॅश जुळायला सात वाजले.

16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली देवळं, मशिदी, चर्चेस उघडली. त्याला आम्ही लगोलग रजेवर धाडलं. परत आल्यावर विचारलं, "काय रे, आई खूश असेल?"

"कसली खूश! एकाआड एक बाक रिकामं, तोंडाला मास्क, शेजारणीशी कुजबुजायची सोय नाही. वर म्हणते, फादरांचा आवाज टीव्हीवर जास्त स्पष्ट यायचा."

"मग आता घरीच बघणार का?"

"छे! पुढच्या रविवारी अर्धा तास आधीच जाऊन बसली. म्हणाली, पुढचं बाक दुसरं कुणी पटकवायला नको."