पाच लिटरचा आधार

माझी सुपर कॅरी सीएनजीवर चालते, पेट्रोलवरही चालते. पेट्रोलची टाकी मात्र 5 लिटरचीच. गॅस स्वस्त पडतो म्हणून हप्त्याच्या ओढाताणीत मी गाडी सुरू होण्यापुरतेच पेट्रोल ठेवू लागलो.

एका पहाटे जिंतूरहून परभणीला मेथी घेऊन निघालो. बोरीच्या पुढे गॅस संपला आणि थोड्याच वेळात पेट्रोलही. दुसऱ्या गाडीने माल पोचेपर्यंत लिलाव आटोपला होता. चूक माझीच. भाडे बुडाले, शेतकऱ्यापुढे मान खाली घालावी लागली.

कारभारीण एवढेच म्हणाली, "अहो, पीठ संपायच्या आधीच आपण दळण टाकतो ना?"

आता टाकी भरलेली असते. चालक बंधूंनो, पेट्रोल अडचणीसाठी राखा. दर 3 वर्षांनी सिलिंडरची तपासणीही चुकवू नका. आत सुमारे 200 बार दाबाचा गॅस असतो आणि घरी लेकरे वाट पाहत असतात.