शौक

आम्ही उर्दू शाळेत मास्तर आहोत. आठवी-नववीला उर्दू आणि इतिहास शिकवतो. वर्गात दिवसभर 'हम' म्हणायची सवय, त्यामुळे मराठीत लिहायला बसलो की आपोआप 'आम्ही' येतं. त्यात मोठेपणा काही नाही. तर असे आम्ही, बी.एड. झालेले, दोन पोरांचे बाप, तिशीत भरतकाम शिकायला लागलो. स्टाफरूममध्ये बातमी पोहोचली तेव्हा एक सहकारी म्हणाले, "सर, आता फक्त मेंदी काढायची राहिली!" सगळे हसले. आम्हीही हसलो. हसता हसता सांगायचं राहून गेलं, की कुर्ल्याच्या ज्या गल्लीत आम्ही वाढलो तिथे जरीच्या कारखान्यात सुई धरणारे सगळे हात पुरुषांचे होते, आणि त्यांतले दोन आमच्या अब्बांचे.

अब्बा मूळचे बीड जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात, वयाच्या बाराव्या वर्षी, एका नातेवाइकाचं बोट धरून मुंबईला आले आणि जरीच्या कारखान्यात बसले. कारखाना म्हटलं की धुराडं डोळ्यांपुढे आणू नये. एक खोली, मधोमध कारचोब, म्हणजे लाकडाची लांब चौकट. तिच्यावर ताशासारखं ताणलेलं कापड. यालाच अड्डा म्हणायचं. दोन्ही बाजूंना मांडी घालून, पाठीत वाकून बसलेले कारागीर. दिवसा तिथेच काम, रात्री तिथेच झोप. सलमा, दबका, कोरा, नक्षी, गिजाई, कटदाना, सितारा ही नावं आम्ही अलिफ-बेच्या बरोबरीने शिकलो. पण शिकलो ती फक्त नावं. काम शिकायची आम्हाला बंदी होती.

अब्बा पुढे उस्ताद झाले. मालक दुसरा, पण अड्डा त्यांच्या हाताखाली. अड्ड्यावर बिहारची तीन-चार मुलं असायची. त्यांतला एक आमच्याच वयाचा, फार तर वर्षाने लहान. आम्ही अब्बांचा डबा घेऊन जायचो तेव्हा तो आमच्या दप्तराकडे बघायचा. एके दिवशी म्हणाला, "हमारा नाम लिखना सिखा दो." आम्ही जरीच्या रिकाम्या पुठ्ठ्यावर त्याचं नाव लिहून दिलं. त्याच्या बदल्यात त्याने आमच्या हातात आरी दिली. लाकडी मुठीची, टोकाला बारीक आकडा असलेली सुई. उजव्या हाताने ती वरून कापडात घालायची, खाली डाव्या हाताने आकड्यात धागा अडकवायचा आणि फासा वर ओढायचा. आमचे चार फासे पडले असतील, तेवढ्यात अब्बा आले. आयुष्यात एकदाच त्यांनी आमच्यावर हात उचलला, तो त्या दिवशी. म्हणाले, "तेरे हात में कलम दिया मैं, सुई नहीं."

गाल बरेच दिवस आठवत राहिला. त्याहून जास्त आठवत राहिला तो मुलगा. त्याने खाली पडलेली आरी उचलली, आमचे चार फासे उसवले आणि पुढचं काम सुरू केलं. त्याच्याही हातात सुई होती. त्याला कोणी थप्पड मारली नाही.

२००५ साली मुंबईत जरीच्या कारखान्यांवर छापे पडले. पुष्कळ मुलं सोडवून गावी पाठवली गेली. आमच्या गल्लीतली मुलं तर छाप्याच्या आधीच मालकांनी रातोरात गाडीत बसवली. आम्ही तेव्हा नववीत होतो. सकाळी डबा घेऊन गेलो तर अड्ड्याची एक बाजू रिकामी. त्याचं नाव लिहिलेला पुठ्ठा खिडकीत खोचलेला होता. तो घेऊन गेला नाही, की त्याला घेऊ दिला नाही, कोण जाणे. आमची फी त्यानंतरही अड्ड्यावरूनच आली. बारावी, बी.ए., बी.एड. सगळं. वर्गात बालकामगारांचा पाठ शिकवताना आमचा आवाज थोडा खाली का येतो, हे मुलांना माहीत नाही.

मग २०२० आलं. शाळा बंद, कारखाने बंद, कारागीर गावी. आम्ही मोबाईलवर तास घेत होतो. अब्बांचे डोळे तोवर निकामी होत आलेले; मोतीबिंदू काढूनही बारीक काम दिसत नव्हतं. अशात एका रात्री मोबाईलवर चीनच्या ग्वीझोऊ प्रांतातल्या मिआओ बाईचं काम पाहण्यात आलं. ती भरतकामाआधी गोफ विणत होती. एका छोट्या घडवंचीवरून आठ-दहा रेशमी धागे लोंबत होते, प्रत्येकाच्या टोकाला वजन. ती वजनं इकडून तिकडे टाकत जायची आणि मधोमध चपटा, नाडीसारखा पण नाडीहून कितीतरी बारीक गोफ उतरत जायचा. मग तो गोफ नक्षीच्या रेघेवर ठेवून बारीक टाक्यांनी टाचायचा. कधी सपाट, कधी चुण्या घालत. चुण्या घातल्या की सगळं काम कापडावर उठून येतं.

आम्ही शोधत गेलो. मिआओ लोकांना जुन्या काळी स्वतःची लिपी नव्हती. आपल्या जन्माच्या कथा, ती फुलपाखरू-माता, ते पक्षी नि अजगर, त्यांनी बाह्यांवर आणि पाठीवर भरून ठेवले. २००६ साली चीनने आपल्या राष्ट्रीय वारशाच्या पहिल्या यादीत मिआओ भरतकाम घेतलं. लिपी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला ही गोष्ट झोपू देईना. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी सुईने लिहिलं. आणि आमच्या अड्ड्यावरचा एक, हातात सुई असून, स्वतःचं नाव लिहायला आमच्याकडे आला होता.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकचं स्टूल उलटं केलं, हार्डवेअरच्या डब्यातले आठ नट काढून धाग्यांना बांधले आणि बसलो. पहिला गोफ करगोट्याहून जाड झाला. दुसरा पिळला. बायको म्हणाली, "पोरांचे तास संपले की हे काय घेऊन बसता?" चौथ्या-पाचव्या दिवशी एक वीतभर गोफ सरळ उतरला. तो काळ्या कापडावर टाचत होतो, तेव्हा अब्बा शेजारी येऊन बसले. आमच्या छातीत धस्स झालं. वय तीस, पण गाल तेराचाच.

अब्बांनी कापडावर बोट फिरवलं. कडेच्या टाक्यांवर थांबले. म्हणाले, "दूर दूर हैं. और यह वापस वहीं निकल रहा है जहाँ गया." दिसत नव्हतं, तरी बोटाला कळलं. मग विचारलं, "यह क्या है?" आम्ही चिनी गोफ सांगितला. ते म्हणाले, "अपनाच काम है. ऊपर रखो, नीचे से बाँधो."

आणि ते खरंच आहे. जगभर सोन्याच्या कामाचं मर्म हेच. चिनी कारागीर सोनेरी वर्ख लावलेल्या कागदाची बारीक पट्टी रेशमावर गुंडाळून धागा करतात. तो कापडातून आरपार ओढला तर वर्ख निघून जाईल. म्हणून दोन सोनेरी धागे जोडीने कापडावर ठेवायचे आणि साध्या रेशमाच्या टाक्याने बांधायचे. ते रेशीम पुष्कळदा लाल घेतात, म्हणजे सोन्याला ऊब येते. आपल्याकडचा दबका म्हणजे तारेचं पोकळ वेटोळं. त्याचे तुकडे कापून मण्यासारखे सुईत ओवायचे नि टाचायचे. काबा शरीफच्या गिलाफावरची अक्षरंही अशीच उभी राहतात. खाली सुताचा भराव, वर सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. सगळीकडे सोनं वर निजून राहतं. कापडाला भोकं पाडत वर-खाली करतो तो साधा धागा, आणि तो दिसू नये यातच कारागिराची कमाल.

त्या दिवसापासून आमची शागिर्दी सुरू झाली. माळ्यावरचा अड्डा उतरवला. अब्बा बाजेवर बसून कान देत. ताणलेल्या कापडावर टिचकी मारली की आवाजावरून सांगत, "ढीला है." खाका टोचायला शिकवला, सुईने भोकं पाडलेल्या कागदावर रॉकेलात कालवलेली पांढरी भुकटी फिरवून नक्षी उतरवायला शिकवलं. दबका कापताना तुकडा केसभर लांब झाला की टाक्यात फुगतो, केसभर आखूड झाला की खालचा धागा उघडा पडतो. एक इंच पान भरायला आम्हाला दोन रात्री लागल्या. अब्बा म्हणाले, "इतने में तो मालिक निकाल देता." पहिल्यांदाच दोघं मिळून हसलो.

शाळा उघडल्यावर कार्यानुभवाच्या तासाला आम्ही आठवीला गोफ शिकवायला घेतला. लोकर आणि नट. मुलं रमली. मागच्या बाकावरचा एक मात्र हात बांधून बसला होता. जवळ गेलो तर हळूच म्हणाला, "सर, हमारे घर में रात को जरीच करते. टिकली लगाते. इसके मार्क हैं क्या?"

उत्तर सुचलं नाही. कायदा आम्हाला तोंडपाठ आहे. २०१० पासून सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवणं बंद झालं. शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदत करायची मोकळीक मात्र राहिली. त्या मोकळिकीत या पोराची रात्र जात होती. आम्ही ज्याला शौक म्हणत होतो ती त्याची हजेरी होती. त्याला म्हणालो, "तू या तासाला वाच. जे हवं ते." त्याने पुस्तक उघडलं आणि दहा मिनिटांत त्यावर डोकं ठेवून झोपला. उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या अब्बांना भेटून आलो. ते चिडले नाहीत. म्हणाले, "सर, लग्नसराईपुरतं. मग नाही." आता आम्ही दर आठवड्याला एक चक्कर मारतो. कधी खरं सांगतात, कधी नाही.

त्या रात्री अड्ड्यावर बसलो तरी सुई चालेना. पहिल्यांदाच अब्बांपाशी त्या मुलाचा विषय काढला. आठवतो का? अब्बा बराच वेळ गप्प. मग त्याचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, त्याला कोणता टाका चांगला यायचा तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "तेरेकू मारा मैं. उसकू भी एक मारना था. नहीं मारा."

आमच्याकडे यावर बोलायला काही नव्हतं. मुलं मोठ्यांदा अभ्यास करत होती. अब्बांनी कात्री मागितली, चाचपून दबक्याची लड उचलली आणि न बघता तुकडे कापून वाटीत टाकू लागले. सगळे सारखे. आम्ही एकेक उचलून सुईत ओवत होतो. दहा वाजता बायकोने दिवा मालवायला सांगितलं, तसा आम्ही अड्ड्यावर कापड टाकून उठलो. अब्बा तसेच बसून होते.