क्रूस आपणहून उचलायचा असतो

खोताची वाडी, गिरगाव

लाडके बाय,

काल फोनवर तू म्हणालीस, "मावशी, हा माझा क्रूस आहे, मलाच वाहायला हवा." रात्रभर माझा डोळा लागला नाही. हेच मलाही ऐकवायचे गं. मेच्या उकाड्यात रविवारच्या मिस्साला मी लांब बाह्यांचं ब्लाऊज घालून जायचे. वाडीतली घरं एकमेकांना खेटून. जिन्यावर कुणी खोकलं तरी शेजारी कळतं. माझं रडणंही कळायचंच. "प्रार्थना कर, सुधारेल तो," एवढंच सगळ्या म्हणायच्या.

प्रार्थना मी केली. बुधवारी माहीमला नोव्हेनाला जाऊन माउलीपुढे उभी राहायचे. नवरा सुधारला नाही. मग एका गुड फ्रायडेला योहानाच्या शुभवर्तमानातलं वाचन चाललं होतं. महायाजकाच्या शिपायानं येशूला थोबाडीत मारली, तेव्हा येशूनं त्याला मारण्याचं कारण विचारलं. दर वर्षी ऐकलेलं, त्या दिवशी काळजात शिरलं. प्रभूनं जाब विचारला, मग मी का विचारू नये? क्रूस त्यानं आपणहून उचलला. दारू पिऊन कुणी पाठीत घातलेली लाथ म्हणजे क्रूस नव्हे, बाय. त्या दिवसापासून नवऱ्याला सुधार म्हणून विनवणं मी सोडलं. जिना उतरायचं बळ मागितलं. ते मिळालं.

तेव्हा घटस्फोटासाठी 1869 चा कायदा होता. ख्रिस्ती बाईला नुसता छळ सांगून घटस्फोट मिळत नसे, नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. पुरुषाला मात्र बायकोचा व्यभिचार तेवढा पुरे! 1997 मध्ये मुंबई हायकोर्टानं ती अट रद्द केली, 2001 मध्ये संसदेनं कायदाच बदलला. फ्लेविया अ‍ॅग्नेस यांचं नाव तू ऐकलं असशील. त्याही आपल्यासारख्या कॅथलिक, याच मुंबईत संसारात मार सोसलेल्या. बाहेर पडल्या, वकील झाल्या, 'मजलिस' ही संस्था उभी करून बायकांचे खटले लढल्या.

आणि चर्चचं म्हणशील, तर चर्चच्या कायद्यातलं कॅनन 1153 वाच. जोडीदारापासून तुझ्या किंवा मुलांच्या जिवाला मोठा धोका असेल, तर वेगळं राहायला चर्चचीच मुभा आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये लिहिलं, की अशा वेळी वेगळं होणं कधी कधी नैतिकदृष्ट्या गरजेचंच ठरतं. लग्नाच्या संस्काराचा मान राखायला हाडं मोडून घ्यावी लागत नाहीत.

घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यानं मॅजिस्ट्रेटकडून संरक्षणाचा हुकूम मिळतो, राहत्या घरावरचा हक्कही सुटत नाही. ते आपण वकिलाला विचारून करू. आधी तू पोरीचा बाप्तिस्म्याचा दाखला, आधार कार्ड, तुझं पासबुक एका पिशवीत घाल. त्यानं अडवलं तर 181 या महिला हेल्पलाइनला फोन लाव. आणि पोरीला घेऊन इकडे निघून ये, वेळकाळ बघू नकोस.

तुझी,
मावशी