मागच्या चाकांची गोष्ट

मंगळवार, रात्र

फोर्कलिफ्टची वळणारी चाकं मागे असतात. गाडी रिकामी असली की काउंटरवेटमुळे अर्ध्याहून अधिक भार त्याच मागच्या अ‍ॅक्सलवर येतो. म्हणजे काटे मोकळे असतानाच किंगपिनचा, ज्या पिनवर चाक वळतं तिचा, जास्त छळ! आमची भोसरीच्या शेडमधली गाडी हल्ली सरळ चालेना. आज जॅकवर घेतली. चाक हलवलं तर किंगपिनचं खालचं बेअरिंग खडखडतंय, चाक वळवणाऱ्या लिंकच्या पिनलाही प्ले आलाय.

बेअरिंगची चिंता नाही. त्यावर ३०२०६ कोरलंय. शेवटचे दोन अंक पाचाने गुणले की आतला व्यास, ३० मिमी. नंबर जुळला की कुठल्याही कंपनीचं बसतं. पुण्यात नाहीच मिळालं, तर मुंबईची नागदेवी स्ट्रीट आहे.

किंगपिन आणि लिंक मात्र त्या-त्या मॉडेलच्याच लागतात. नेमप्लेट रंगाखाली बुजलेली. ती खरवडून सीरियल नंबर सांगितला, तेव्हा कुठे दुकानदार बोलता झाला. तरी "साहेब, जुना नमुना आणाच" म्हणालाच.

शेजारचे काका म्हणाले, "लेथवर करून घे की." मोह होतो. पण किंगपिन बाहेरून कडक, आतून चिवट हवी. हार्डनिंगशिवाय नुसती कातलेली पिन लवकर झिजणार, आणि वर टनभर माल असताना तो जुगार कोण खेळणार?

यंत्र घेताना सगळे विचारतात, किती टन उचलतं? पुढच्या वेळी माझा पहिला प्रश्न वेगळा असेल: याची किंगपिन कुठे मिळते?